आतला पंख, बाहेरचा पंख: कंट्रोल लाइन मॉडेलमधला वेगाचा फरक आणि तो जुळवायची रीत

कंट्रोल लाइन मॉडेल, म्हणजे हातातल्या हँडलने दोन तारांमार्फत चालवायचं छोटं विमान, कधीच सरळ उडत नाही. ते दोन तारांच्या टोकाला गोल फिरतं. त्यामुळे उडवणाऱ्याच्या बाजूचा पंख लहान वर्तुळ कापतो आणि पलीकडचा मोठं, पण फेरीला लागणारा वेळ दोघांना सारखाच. म्हणजे बाहेरचा पंख सतत आतल्यापेक्षा जोरात जातो, जास्त लिफ्ट (वर उचलणारं बळ) देतो आणि मॉडेलला उडवणाऱ्याकडे कलवू पाहतो. मॉडेल तसं कललं की तारा ढिल्या पडतात आणि हँडल हलवलं तरी एलेव्हेटरपर्यंत (शेपटावरच्या, नाक वर-खाली करणाऱ्या पट्टीपर्यंत) काही पोहोचत नाही.

मॉडेल वरून पाहता घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं असं पुढे सगळीकडे धरलं आहे. म्हणजे डावा पंख आतला, उजवा बाहेरचा. तुमचं मॉडेल उलटं फिरत असेल तर बाजू बदलून वाचा.

फरक किती, ते आधी कागदावर

इथे अंदाजावर जायची गरज नाही. उदाहरणाला एक नेहमीचं कसरतींचं मॉडेल घेऊ: पंखांचा एकूण विस्तार १४०० मिमी, वजन १५०० ग्रॅम, हँडलपासून फ्युजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) मध्यरेषेपर्यंत तारा १८.३ मीटर. हात पुढे धरलेला असतो, त्याचे साधारण ०.७ मीटर मिळवा. त्रिज्या झाली १९ मीटर. एक फेरी ५.२ सेकंदांत होत असेल तर फ्युजलाजचा वेग सेकंदाला २३ मीटर, म्हणजे ताशी ८३ किलोमीटरच्या आसपास.

आता टोकं पाहा. आतलं टोक १८.३ मीटर त्रिज्येवर ताशी ८० किलोमीटरच्या जरा खाली, बाहेरचं टोक १९.७ मीटरवर ताशी ८६ किलोमीटरच्या जवळ. फरक सहा किलोमीटरचा. हा आकडा किरकोळ वाटतो, पण लिफ्ट वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. मधल्या भागाच्या मानाने आतल्या टोकाशी लिफ्ट ७ टक्के कमी आणि बाहेरच्या टोकाशी ७ टक्के जास्त. दोन टोकं शेजारी ठेवून पाहिली, तर तेवढ्याच क्षेत्रफळाचा पंख बाहेर सुमारे १६ टक्के जास्त उचलतो.

वेग वाढवला म्हणून ही टक्केवारी बदलत नाही. ती फक्त अर्धा पंख आणि त्रिज्या यांच्या गुणोत्तरावर ठरते. मॉडेल ४.८ सेकंदांची फेरी मारो की ५.६ सेकंदांची, ७ टक्के ते ७ टक्केच. लूपमध्ये, डोक्यावर, आठच्या आकड्यातही तेच, कारण तारा ताणलेल्या असेपर्यंत मॉडेल कुठेही असलं तरी हँडलभोवतीच फिरतं. म्हणून या फरकाची जुळवणी एकदा नीट केली की ती सगळ्या कसरतींना पुरते. फरक मोडतो तो वारा. सेकंदाला ४ मीटरचा वारा असेल तर समोरून वारा लागणाऱ्या बाजूला दोन टोकांमधला फरक हवेतल्या वेगाच्या ६ टक्क्यांवर येतो आणि पाठीमागून वारा लागणाऱ्या बाजूला ९ टक्क्यांवर जातो. वाऱ्याच्या दिवशी केलेली जुळवणी म्हणूनच भरवशाची नसते.

कामाला लागणारी संख्या टक्केवारी नाही, मिलिमीटर आहे: एकूण लिफ्टचा मध्यबिंदू फ्युजलाजच्या मध्यरेषेपासून किती बाहेर सरकला? सारख्या रुंदीच्या चौकोनी पंखासाठी हिशेब असा: अर्ध्या पंखाच्या लांबीचा वर्ग करा, त्याला २ ने गुणा, मग त्रिज्येच्या तिपटीने भागा. आपल्या उदाहरणात ०.७ × ०.७ × २ ÷ ५७, म्हणजे ०.०१७ मीटर. १७ मिमी.

पंख टोकाकडे निमुळता असेल तर आकडा उतरतो. टोकाची रुंदी मुळाच्या ०.६ पट असेल तर ८७ टक्के धरा, म्हणजे १५ मिमी. टोकाशी लिफ्ट तशीही गळते, त्यामुळे प्रत्यक्षात १२ ते १५ मिमीच्या मध्ये कुठेतरी खरं उत्तर असतं. आपण पुढे १५ घेऊ. चूक झालीच तर ती सुरक्षित बाजूला होते.

तारांची लांबी बदलली की हा आकडाही बदलतो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. एफएआय या जागतिक हवाई क्रीडा संघटनेच्या एफ२बी म्हणजे कसरतींच्या वर्गात तारा १५ ते २१.५ मीटरच्या दरम्यान चालतात. हेच चौकोनी पंखाचं गणित १५ मीटरच्या तारांवर २१ मिमी देतं आणि २१.५ मीटरवर १५ मिमी. तारा तोडून आखूड केल्या आणि मॉडेल अचानक कोपऱ्यात (झटक्यात घेतलेल्या तीव्र वळणात) आत कलायला लागलं, तर पंखात काही बिघडलेलं नसतं.

जुळवायचे दोन मार्ग

तत्त्व एका वाक्यात बसतं: लिफ्टचा मध्य आणि वजनाचा मध्य आडव्या दिशेत एकमेकांवर आणायचे. मग एक तर लिफ्ट आत ओढा, नाहीतर वजन बाहेर न्या.

लिफ्ट आत ओढायची म्हणजे आतला पंख लांब करायचा. आतला पंख बाहेरच्यापेक्षा २४ मिमी लांब केला की पंखाचा मध्य १२ मिमी आत सरकतो. आपल्या १५ मिमीपैकी उरले ३. वजन बाहेर न्यायचं म्हणजे बाहेरच्या टोकात टिप वेट, शिशाचे किंवा वॉशरचे काही ग्रॅम. दोन्ही पंख सारखे ठेवून सगळी जुळवणी टिप वेटने करता येते, पण ते वजन फुकट वाहावं लागतं. उलट आतला पंख पाच-सहा सेंटीमीटर लांब करून टिप वेट टाळायची जुनी हौसही बरी नाही. वाऱ्याच्या झोताचा मार लांब आतल्या पंखावर जास्त बसतो आणि मॉडेल झोतासरशी बाहेरच्या बाजूला लवतं. १४०० मिमीच्या मॉडेलला २० ते २५ मिमीचा फरक ठेवावा आणि उरलेलं वजनाने भागवावं, हे सगळ्यात सोयीचं.

तारांचं वजनही धरायला हवं. ०.३८ मिमी जाडीची सात पदरी पोलादी तार मीटरला सुमारे ०.७ ग्रॅम भरते. १८.३ मीटरच्या दोन तारा म्हणजे २५ ग्रॅम. त्यातलं अर्धं तुमच्या हातावर येतं, अर्धं म्हणजे १३ ग्रॅम मॉडेलच्या आतल्या टोकावर लोंबतं. तारा काट्यावर ठेवून स्वतः वजन घ्या.

आता टिप वेटचा हिशेब जमतो. आतला पंख ७१२ मिमी, बाहेरचा ६८८ मिमी. उरलेली ३ मिमी लिफ्ट गुणिले १५०० ग्रॅम, भागिले ७१२: ६ ग्रॅम. तारांचे १३ मिळवा: १९ ग्रॅम. दोन्ही पंख सारखे असते तर १५ मिमी × १५०० ÷ ७००, म्हणजे ३२ ग्रॅम, अधिक १३: ४५ ग्रॅम. लक्षात घ्या, हे बाहेरच्या टोकात घालायच्या शिशाचं वजन नाही. बाहेरची बाजू एकूण इतकी जड असायला हवी, असा त्याचा अर्थ. प्रत्यक्षात किती शिसं लागेल ते मॉडेल तोलूनच कळतं.

बांधताना

नवा पंख बांधत असाल तर रिब्जमधलं (पंखाला आकार देणाऱ्या फासळ्यांमधलं) अंतर दोन्हीकडे तेच ठेवा आणि आतल्या टोकाला २४ मिमीचा छोटा जादा गाळा द्या. चौकोनी पंख असेल तर याहून सोपी युक्ती आहे: पूर्ण १४०० मिमीचा सममित पंख बांधा आणि फ्युजलाज मध्यापासून १२ मिमी बाहेरच्या बाजूला बसवा. मात्र बेलक्रँक (तारांच्या ओढीने फिरणारी तरफ) आणि फ्लॅप हॉर्न (पंखाच्या मागच्या कडेवरचे हलते फ्लॅप फिरवणारी तार) पंखाच्या मध्याला नाही, फ्युजलाजच्या मध्याला जुळवायचे. हे आधी ठरवलं नाही तर या दोघांना जोडणारा पुशरॉड फ्युजलाजच्या भिंतीला घासतो आणि ते कळतं पंख चिकटवल्यावर. किटचं मॉडेल असेल तर आधी दोन्ही पंख मोजा. बऱ्याच आराखड्यांत फरक मुळातच दिलेला असतो, त्यावर तुमचा आणखी चढवू नका.

टिप वेटची पेटी शेवटच्या दोन रिब्जच्या मध्ये. तळाला १.५ मिमी प्लायवूड, रिब्ज आणि स्पार (पंखाची मुख्य लांब दांडी) दोन्हींना चिकटवलेलं, मध्ये एम३ चा अडकणारा नट. त्यावर शिशाच्या चकत्या किंवा पोलादी वॉशर एका बोल्टने आवळायचे, वर स्क्रूने बसणारं झाकण. चकत्या ३ ते ५ ग्रॅमच्या करा म्हणजे बारीक फेरफार करता येतो. शिसं टेपने चिकटवणाऱ्यांनी एक हिशेब करावा: बाहेरच्या टोकाला नुसत्या सपाट उड्डाणात बाहेरच्या दिशेने सुमारे तीन पट गुरुत्वाकर्षणाची ओढ लागते, आणि ५ मीटर त्रिज्येच्या कोपऱ्यात वर किंवा खाली जवळजवळ अकरा पट. ४० ग्रॅमची चकती कोपऱ्यात साडेचारशे ग्रॅमसारखी वागते. टेप सुटला तर ती टोकाची रिब फोडून बाहेर येते, आणि टिप वेट गमावलेलं मॉडेल त्याच क्षणी तुमच्याकडे कलायला लागतं.

आतल्या टोकाला लीडआउटची (बेलक्रँकपासून पंखाबाहेर येणाऱ्या, तारा जोडायच्या टोकांची) पट्टी सरकती ठेवा, निदान ५० मिमीची खाच. हा भाग कायमचा चिकटवून टाकणं ही पहिल्या मॉडेलवरची हमखास होणारी चूक आहे. तारांची हवेतली ओढ त्यांना मागे वाकवते, म्हणून मॉडेलजवळ तारा सरळ आत न जाता किंचित मागे झुकून जातात. आपल्या उदाहरणात हा झुकाव पावणेदोन अंशांच्या आसपास येतो, म्हणजे दोन लीडआउटचा मध्य गुरुत्वमध्याच्या २० मिमी मागे. २० ते २५ पासून सुरुवात करा. लीडआउट फार पुढे असले तर नाक आत वळतं. फार मागे असले तर मॉडेल नाक बाहेर काढून खेकड्यासारखं तिरपं चालतं आणि कोपऱ्यात लोळतं. ते लोळणं टिप वेटची चूक वाटतं. म्हणून आधी लीडआउट, मग टिप वेट, हा क्रम मोडू नका.

पंखाला पीळ आहे का ते आवरण चढवण्यापूर्वी आणि नंतर, दोन्ही वेळा पाहा. सपाट टेबलावर पंख ठेवून दोन्ही टोकांना मागची कड टेबलापासून किती वर आहे ते मोजा. १ मिमीचा फरक खपतो. ३ मिमीचा खपत नाही: इस्त्रीने आवरण गरम करून उलटा पीळ द्या, आणि आवरण थंड होईपर्यंत हात सोडू नका.

जमिनीवर तोलणं

टाकी रिकामी, प्रोपेलर आडवा, लीडआउट नेहमीच्या जागी बाहेर काढलेले. मॉडेल फ्युजलाजच्या मध्यरेषेवर दोन ठिकाणी टेकवा: पुढे प्रोपेलरचा शाफ्ट, मागे शेपटाखाली मध्यावर टोचलेली टाचणी. दोन्हीकडे घर्षण कमी हवं. शाफ्ट दोऱ्याच्या फासात टांगला तर चांगलं. मॉडेल सोडलं की बाहेरचा पंख खाली गेला पाहिजे. आता आतल्या टोकावर, लीडआउटच्या पट्टीवरच, थोडं थोडं वजन ठेवत पंख सपाट आणा. जितके ग्रॅम लागले तितकी बाहेरची बाजू जड.

आपल्या मॉडेलला हिशेबाने १९ ग्रॅम हवेत. पहिल्या उड्डाणाला त्यावर ८ ते १० ग्रॅम जादा ठेवा. बाहेरचा पंख थोडा जड असला तर कोपरे बिघडतात, एवढंच. हलका असला तर तारा ढिल्या पडतात आणि मॉडेल जातं.

चपट्या फ्युजलाजच्या मॉडेलला इंजिनचा सिलिंडर आणि टाकी बाहेरच्या बाजूला असतात. ६० ग्रॅमचा मफलर मध्यरेषेपासून ६० मिमी बाहेर असेल तर तो एकटाच टोकावरच्या ५ ग्रॅमचं काम करतो. टाकीतलं १०० ग्रॅम इंधन ३० मिमी बाहेर असेल तर भरलेल्या आणि रिकाम्या टाकीत सव्वाचार ग्रॅमचा फरक पडतो. म्हणून अशी मॉडेल्स पहिल्या चार-पाच फेऱ्यांत जड वाटतात आणि शेवटी हलकी. जुळवणी रिकाम्या टाकीची धरा.

आणखी एक गैरसमज इथेच निकालात काढू. टिप वेट वाढवलं की तारांचा ताण वाढतो असं सर्रास सांगितलं जातं. आपल्या मॉडेलला सपाट उड्डाणात सव्वाचार किलोचा ताण येतो. टोकात ३० ग्रॅम घातले तर त्यात जेमतेम ८५ ते ९० ग्रॅमची भर पडते, दोन टक्के. टिप वेटने तारा ताणलेल्या राहतात त्या पंख आत कलू न दिल्यामुळे.

उडवताना काय पाहायचं

शक्य तर वारा नसलेली सकाळ निवडा. मनगटाचा पट्टा बांधा, विजेच्या तारांपासून लांब राहा आणि ताण-चाचणी घ्या. मॉडेलच्या वजनाच्या दहापट ओढ तारांनी, हँडलने आणि बेलक्रँकने सहन करायला हवी.

आतल्या पंखाच्या वरच्या पृष्ठभागावर एका रंगाची पट्टी चिकटवा, खालच्यावर दुसऱ्या. उडवणारा मॉडेलकडे पंखाच्या टोकावरून पाहतो, म्हणून पंख तारांच्या ओळीत असेल तर त्याला दोन्ही पृष्ठभाग जवळजवळ दिसत नाहीत, नुसती कड दिसते. बाहेरचं टोक पोटाच्या बाजूला गेलं तर पंखाचा खालचा रंग दिसतो. पाठीच्या बाजूला गेलं तर वरचा. या दोन रंगांवरच सगळं निदान आहे.

आधी दीड-दोन मीटर उंचीवर चार फेऱ्या सपाट सुलट, मग तेवढ्याच उलट (पाठ खाली, पोट वर). दोन्ही वेळा एकच रंग दिसत असेल तर दोष पिळाचा आहे: पंख पिळलेला आहे किंवा एक फ्लॅप दुसऱ्यापेक्षा वर-खाली बसला आहे. त्याला टिप वेटने हात लावू नका. सुलट उडताना एक रंग आणि उलट उडताना दुसरा दिसत असेल तर दोष तोलाचा. सुलट असताना खालचा आणि उलट असताना वरचा रंग दिसला, तर बाहेरची बाजू जड. याच्या उलट दिसलं तर हलकी.

मात्र सपाट उड्डाणात तोलाचा दोष फारच कमी दिसतो, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. तारांचा ताण पंखाला ओळीत धरून ठेवतो. टिप वेटमध्ये ३० ग्रॅमची चूक असली तरी सपाट उड्डाणात मॉडेल जेमतेम ०.४ अंश कलतं, म्हणजे बाहेरचं टोक ५ मिमी सरकतं. १९ मीटरवरून हे कोणाला दिसणार? पण ५ मीटर त्रिज्येच्या कोपऱ्यात लिफ्ट आणि वजन दोन्ही अकरापट होतात, तेव्हा तीच चूक चार अंशांवर जाते आणि टोक ५० मिमी सरकतं. तेव्हा मात्र रंग ठळक दिसतो. म्हणून पीळ सपाट उड्डाणात शोधायचा, तोल कोपऱ्यात.

कोपऱ्याची चाचणी सपाट उड्डाणातून उभ्या चढाईत जाताना घ्या, म्हणजे चूक झाली तरी मॉडेल जमिनीपासून दूरच जातं. सुलट उडताना हँडल झटक्यात ओढा. बाहेरची बाजू जड असेल तर ती कोपऱ्यात मागे राहते, पंखाचा खालचा रंग क्षणभर चमकतो आणि मग मॉडेल धक्का देऊन सरळ होतं. हातालाही तो धक्का जाणवतो. हलकी असेल तर बाहेरचा पंख पुढे धावतो, वरचा रंग दिसतो आणि हँडल हलकं पडतं. मग उलट उडत जाऊन हँडल ढकलत उभ्या चढाईत जा, आता रंग आदलाबदल होऊन दिसले पाहिजेत. ओढताना आणि ढकलताना एकच रंग दिसला तर पीळ राहिलेला आहे, पुन्हा मागे जा.

एका वेळी ३ ते ५ ग्रॅम काढा किंवा घाला, आणि एका उड्डाणात एकच गोष्ट बदला. कोपरा स्वच्छ झाला की २ ते ३ ग्रॅम परत घालून थांबा. डोक्यावर मॉडेलचं वजन तारांच्या ताणातून वजा होतं: सव्वाचार किलोचे पावणेतीन होतात, वेग घटला असेल तर त्याहून कमी. तिथे पंखाला ओळीत धरणारं बळ तेवढं उरत नाही, म्हणून ही दोन-तीन ग्रॅमची शिल्लक तिथे कामाला येते.

ढकलण्याच्या कोपऱ्यातच ढिलं पडतंय आणि ओढण्याच्या कोपऱ्यात सगळं ठीक, असं असेल तर टिप वेट घालण्याआधी प्रोपेलरकडे पाहा. नेहमीच्या दिशेने फिरणारा प्रोपेलर भोवऱ्यासारखा वागतो: नाक वर उचललं की ते बाहेर वळतं, खाली दाबलं की आत. जड, मोठ्या व्यासाच्या प्रोपेलरला हे जास्त. हलका प्रोपेलर लावून किंवा लीडआउट २ ते ३ मिमी मागे घेऊन पाहा.

फ्लॅप आणि टॅब

कसरतींच्या मॉडेलचे फ्लॅप एलेव्हेटरबरोबर हलतात, आणि बाहेरच्या फ्लॅपवरून जाणारी हवाही तितकीच वेगवान असते. फ्लॅप सारखे असले तर कोपऱ्यात बाहेरचा फ्लॅप आतल्यापेक्षा जास्त जोर लावतो. आतला पंख लांब असेल आणि फ्लॅप त्याच प्रमाणात लांब असेल तर यातलं बरंचसं आपोआप भरून निघतं. तरीही सौम्य वळणांत तोल बरोबर आणि तीव्र कोपऱ्यात मात्र बाहेरचा पंख पुढे धावतोय, असं दिसलं तर वजनाऐवजी बाहेरच्या फ्लॅपची मागची कड २ मिमी तासा. तासलेलं परत चिकटवता येत नाही, म्हणून आधी आतल्या फ्लॅपला २ मिमीची बाल्साची पट्टी टेपने लावून खात्री करून घ्या. कोपऱ्यात बाहेरचा पंख मागे राहत असेल तर पट्टी बाहेरच्या फ्लॅपला.

पिळासाठी फ्लॅप हॉर्नची तार वाकवतात. एक फ्लॅप घट्ट धरून दुसरा किंचित पिळायचा. मागच्या कडेला १ मिमी म्हणजे पुष्कळ झालं. तारेऐवजी बिजागरीवर जोर आला तर ती फाटते, म्हणून हात हॉर्नच्या जवळ ठेवा. फ्लॅप नसलेल्या मॉडेलला बाहेरच्या पंखाच्या मागच्या कडेला ७५ मिमी लांब आणि १२ मिमी रुंद पातळ ॲल्युमिनियमची टॅब लावा. खाली वाकवली की बाहेरचा पंख पाठीच्या बाजूला उचलला जातो, वर वाकवली की पोटाच्या बाजूला.

लहान मॉडेल आणि वेगाचा वर्ग

६०० मिमी पंखाचं, २०० ग्रॅमचं, ८ मीटर तारांवरचं छोटं मॉडेल घेतलं तर त्रिज्या ८.७ मीटर आणि लिफ्ट ७ मिमी बाहेर. सारख्या पंखांना हिशेबाने ५ ग्रॅम, ०.२ मिमीच्या तारांचे दीड: एकूण साडेसहा. इतक्या लहान मॉडेलमध्ये गोंदाचा एखादा जाड थरही एक-दोन ग्रॅम इकडचे तिकडे करतो, म्हणून इथे हिशेबापेक्षा तोलून पाहणं महत्त्वाचं. शिकाऊ मॉडेलला रडर (शेपटावरची, नाक डावी-उजवीकडे वळवणारी उभी पट्टी) खूप बाहेर वळवून ताण मिळवायची सवय दिसते. त्याने मॉडेल तिरपं चालतं, वेग घटतो आणि वेग घटला की ताणही घटतो. रडर दोन-तीन मिमीपेक्षा जास्त वळवू नका; बाकीचं काम लीडआउट आणि टिप वेटचं.

एफ२ए या वेगाच्या वर्गात मात्र हा सगळा विचार वेगळ्या टोकाला गेलेला दिसतो. तिथे तारा १७.६९ मीटरच्या असतात, नऊ फेऱ्यांत बरोबर एक किलोमीटर. वेग इतका असतो की तारांची हवेतली ओढ हाच मुख्य शत्रू ठरतो, आणि तारा पंखाच्या आत लपवल्या की तेवढी ओढ वाचते. त्यामुळे आजच्या मॉडेलांत जवळजवळ सगळा पंख आतल्या बाजूलाच लांबच लांब असतो, बाहेर नुसता खुंट. लिफ्ट तिथे सपाट फेऱ्यांपुरतीच लागते, कोपरे नाहीतच. तो आकार पाहून कसरतींच्या मॉडेलचा आतला पंख वाढवायला जाऊ नका.

पंखाची दुरुस्ती, नवं आवरण, वेगळ्या जाडीच्या तारा, बदललेला मफलर, यातलं काहीही झालं की शाफ्ट आणि टाचणीवर मॉडेल पुन्हा एकदा टेकवा. आधी लागलेले ग्रॅम पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवलेले असले की दोन मिनिटांचं काम आहे.